पायरीला गाऱ्हाणं

लालबागची आमची चाळ पाडली तेव्हा कोणी दारं नेली, कोणी खिडक्यांचे गज, कोणी पितळी कड्या. माझ्या बायकोने जिन्याच्या पायऱ्या मागितल्या. काळ्या दगडाच्या, पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेल्या. ठेकेदार हसला, मीही हसलो. फुकट मिळतोय म्हटल्यावर ही डोंगरसुद्धा घरी आणेल, असं मी चारचौघांत म्हणालो. तिने लक्ष दिलं नाही. त्याच जागी नव्या टॉवरचं बांधकाम पुरं होईपर्यंत त्या पायऱ्या कुंपणाशी ताडपत्रीखाली पडून होत्या.

खरं कारण माझी आई होती. रोज संध्याकाळी ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसून भाजी निवडायची, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई तिथे टेकायची. सोळाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. विचारलं की म्हणायची, "खयं बसू? त्या गुळगुळीत बाकार? घसरान पडतलंय मी." दिवसभर खिडकीशी बसून असायची. बोलणंही कमी झालं होतं, आणि त्याची मला भीती वाटायला लागली होती.

सोसायटीच्या बागेची मांडणी बायकोने अंगावर घेतली. कमिटीला तिथे पांढरे गोटे आणि चकाकणारा ग्रॅनाइट हवा होता. "पावसात त्यावर कोण आपटलं तर उचलायला कमिटी येणार का?" बायकोने भर मीटिंगमध्ये विचारलं. बाग पार्किंगच्या स्लॅबवर, म्हणून तिने इंजिनियरला गाठलं आणि जड दगड नेमके खांबांच्या डोक्यावर येतील असे मांडले. पायऱ्या नुसत्या ठेवल्या नाहीत, मातीत निम्म्या रुतवल्या आणि फटींत दूर्वा लावल्या. त्या तिथेच उगवल्यासारख्या दिसायला लागल्या. आईची पायरी सोनचाफ्याशेजारी, दोन दगडांवर, बसायच्या उंचीला. मी थट्टा करायचं बंद केलं. कौतुक लपवता येईना.

पण बसवताना तिने आपल्याकडच्या रीतीने पायरीला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. झालं! दुसऱ्या दिवशी तिथे जास्वंद, तिसऱ्या दिवशी उदबत्ती. चौथ्या मजल्यावरच्या काकू जातायेता नमस्कार करायला लागल्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, इथे ते एका नारळात आलं. आता त्यावर बसणार कोण? बायको अगदी हिरमुसली. "मीच माझ्या हाताने घालवलं रे," म्हणाली.

ते आईच्या कानावर गेलं. तिने पदर खोचला आणि काठी मागितली. आम्ही दोघं तिला धरून खाली घेऊन आलो. पायरीसमोर उभी राहून तिने हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. आमच्या गावी, मालवणला, हे देवाशी मोठ्याने बोलणं पुरुषांचं काम, पण आईला कोण सांगणार?

"बा देवा म्हाराजा! माझ्या सुनेन तुका हय आणून बसयल्यान, कुंकू लायल्यान. पण तू मूळची आमच्या चाळीची पायरी. जन्मभर तुझ्यार बसान मी भाजी निवडली. आता माझे गुडघे दुखतत. माका बसाक दी, आणि जी कोण बसतली तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून चौथ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या. त्याही मालवणच्याच निघाल्या.

आईने जास्वंद उचलून कानामागे खोवलं आणि त्या खोलगट जागी बसली. काकूंना म्हणाली, "बस गो." मग सुनेकडे बघून, "मेथीची जुडी हाड खाली."

मेथी आणायला बायको वर गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेलो, तर ओट्यापाशी मेथी छातीशी धरून रडत उभी.

"त्या खरंच बसल्या ना रे?"

"बसली. चल लवकर, मेथी मागतेय."