वाळूतला हार्त्स

अनूचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून मटार सोलत होतो. अनू माझी पुतणी, ब्राउनश्वाइगला जन्मली आणि तिथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, ही लहानपणापासूनची खोड. त्या दिवशी मात्र तिनं मराठीत सुरुवात केली आणि मी हातातली शेंग खाली ठेवली. "काका, आई गेली. आज सकाळी... गान्त्स रूइग." अगदी शांतपणे, असं तिला म्हणायचं होतं. मी "बरं" म्हणालो. काय पण शब्द सुचावा माणसाला! फोन ठेवून उरलेले मटार सोलले आणि मग आत जाऊन बायकोला सांगितलं.

सुमतीवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर वाईचं. पुण्यात भूगोल घेऊन बी.ए., मग बी.टी. झाल्या होत्या, मुलींच्या शाळेत थोडं शिकवलंही होतं. दादा डॉक्टरेट करायला ब्राउनश्वाइगला गेला, पाठोपाठ वहिनी गेल्या, आणि पन्नासचं दशक संपत आलं असताना त्यांच्या दोन खोल्यांच्या संसारात तिसरा म्हणून मी जाऊन पडलो, इंजिनिअरिंग शिकायला. भूगोल हा विषय नसून शिक्षा आहे, असं तेव्हा माझं मत होतं आणि ते मी लपवत नसे. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं ते यंत्र कशावर उभं करणार? जमिनीवरच ना? मग जमीन आमच्या खात्यातली." एवढं बोलून पोळी तव्यावर टाकायच्या.

तिथे शिक्षक व्हायचं तर शाळेत उमेदवारी करावी लागे. उमेदवाराला रेफेरेंडार म्हणत. आठवड्यातले बहुतेक दिवस एका जुन्याजाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली वर्गावर उभं राहायचं, एक दिवस सेमिनारला जाऊन आपलं काय चुकलं ते ऐकायचं, आणि या सगळ्याचा दरमहा पगार. चुका करायला सरकार पैसे देतं, हे ऐकून दादा थक्कच झाला होता. वहिनींनी आधी तिथल्या विद्यापीठात बसून भूगोलाची परीक्षा पुन्हा दिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि परकी नागरिक असूनही खास बाब म्हणून त्यांना एका शाळेत जागा मिळाली. कचेरीतल्या साहेबांनी एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली. शेवटच्या परीक्षेत इतर कोणी नापास झालं तर त्याला पुन्हा बसता येतं. तुम्हाला येणार नाही. एकदाच काय ते.

म्हणजे चुकलं की संपलं. मग पुन्हा 'फ्राऊ डॉक्टर लेले' म्हणून चहाला जायचं. नवऱ्याची पदवी बायकोच्या नावाला लावायची तिथे तेव्हा रीत होती, आणि त्या हाकेनं वहिनींच्या कपाळाला आठी पडायची. "मी कसली डॉक्टर? माझं जे आहे तेवढ्यानं हाक मारा की," असं आमच्याकडे बघून म्हणायच्या, जणू रीत आम्ही पाडली होती. दादानं कधी आडकाठी केली नाही. त्याला काळजी एकच, जिन्याची. आमच्या इमारतीत आठवड्याला एकेका बिऱ्हाडानं जिना पुसायचा असा दंडक होता आणि आमची पाळी आजवर वहिनी सांभाळत होत्या. "अहो, तुम्ही दोघं धडधाकट आहात ना?" एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या शनिवारी एक डॉक्टर आणि एक होणारा इंजिनिअर गुडघ्यांवर बसून जिना पुसताहेत हे बघायला तळमजल्याच्या फ्राऊ नोइमान खुर्ची घेऊन दाराशी बसल्या. कोपरे राहिले तर बोटानं दाखवायच्या आणि वर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोब्बर, अशी शाबासकी द्यायच्या.

वहिनींवर नजर ठेवायला नेमलेल्या बाई म्हणजे फ्रॉइलाइन हार्टविग. लग्न न केल्यामुळे फ्रॉइलाइन, वयानं साठीला टेकलेल्या. जाड तळव्यांचे बूट, आखूड केस आणि बोलणं मोजकं. पाचवीच्या वर्गाला हार्त्सचे डोंगर शिकवा, म्हणाल्या. वर्गात भूगोलासाठी टेबलाएवढी वाळूची पेटी होती. तिच्यात ओल्या वाळूचे डोंगर करायचे, निळ्या दोऱ्यांच्या नद्या सोडायच्या. वहिनी हरखून गेल्या. दिवाळीत किल्ला करण्यात भावांना हार न जाणारी ही वाईची मुलगी! नकाशा आणि फोटो समोर ठेवून, मुलं यायच्या आत त्यांनी पेटीत हार्त्स उभा केला. मुलं खूष झाली. एकानं तर विचारलं, "वर राजा राहतो का?" फ्रॉइलाइन हार्टविगनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "तर मग, फ्राऊ लेले, डोंगर देखणा झालाय. पण हा हार्त्स नाही."

झालं होतं असं, की वहिनींनी कडे तासले होते, माथे सपाट केले होते, सोंडा उतरवल्या होत्या, एका डोंगराला तर चक्क माची काढली होती. हार्त्सचे डोंगर गोल डोक्यांचे, घोंगडी पांघरून झोपलेल्या माणसांसारखे. वहिनींनी सगळा सह्याद्री करून ठेवला! जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा दादाला हसता हसता ठसका लागला. मीही म्हणालो, "वहिनी, वाईचा पांडवगड केलात की हो!" त्या हसल्या नाहीत. "उंची नकाशावरून बरोबर घेतली होती हो मी," म्हणाल्या, "पण हाताला दुसरा डोंगर माहीतच नाही..." आणि एकदम रडायला लागल्या. दादा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी आमटी ढवळत राहिलो. परीक्षेत असं झालं तर, हाच विचार तिघांच्या मनात होता.

फ्रॉइलाइन हार्टविगनी यावर काढलेला तोडगा म्हणजे रविवार. दर रविवारी सकाळच्या गाडीनं बाड हार्त्सबुर्ग, तिथून पायी वर. वहिनी, त्या, आणि ओझं वाहायला मी. माझ्या पिशवीत त्यांचं बटाट्याचं सॅलड आणि वहिनींच्या दशम्या असत. पहिल्या रविवारी त्यांनी दशमीचा वास घेऊन ती परत दिली. तिसऱ्या रविवारी सॅलड माझ्या वाट्याला आलं आणि दशम्या त्या दोघींच्या. चालताना फारसं बोलणं नसे. एखाद्या खडकाशी थांबून त्या म्हणायच्या, "हात लावा." वहिनी कणीक मळून झाल्यावर गोळ्यावरून हात फिरवतात तसा ग्रॅनाइटवरून हात फिरवायच्या. थंडीत नाक लाल, साडीवर दादाचा ओव्हरकोट, पायात मोठाले बूट. मला मनातून हसू यायचं, कौतुकही वाटायचं. ते कौतुक तेव्हा बोलून दाखवायला काय झालं होतं, कोण जाणे.

एका रविवारी टोर्फहाउस नावाच्या वस्तीपर्यंत गेलो. तिथून समोर ब्रोकन दिसतो, हार्त्सचा सगळ्यांत उंच डोंगर. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिथे." मधून सीमा गेली होती. ब्रोकन पूर्व जर्मनीत, आणि आमच्या बाजूच्या माणसाला तिथे जायची बंदी. फ्रॉइलाइन हार्टविग म्हणाल्या, "लहानपणी आम्ही भावंडं दर उन्हाळ्यात वर जायचो... या. थंडी वाढतेय." परतीच्या गाडीत वहिनी खिडकीतून मागे बघत होत्या. मला झोप लागली.

परीक्षेचा पाठ पुन्हा हार्त्सवरच निघाला. आदल्या आठवड्यात वहिनींनी जाहीर केलं, "मी ब्रोकन करणार नाही." दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "सगळ्यांत उंच डोंगर सोडून देणार? अहो, फोटो आहेत की!" दादा वहिनींना 'अहो' म्हणाला हे मी पहिल्यांदा ऐकलं, इतका तो घाबरला होता. मीही माझं इंजिनिअरी ज्ञान पाजळलं, की आजूबाजूच्या उंचीवरून मधला आकार काढता येतो. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फोटोवरून एकदा केला होता भाऊजी. तुम्हीच त्याला पांडवगड म्हणालात." "एकच संधी आहे, सुमती," दादा म्हणाला. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "खोटा डोंगर करून पास झाले तर पुढे जन्मभर तोच शिकवायचा का?"

पुढचं फ्रॉइलाइन हार्टविगनी आम्हाला नंतर कॉफी पिताना सांगितलं. मागच्या बाकावर तिघं परीक्षक. पेटीत हार्त्स गोल डोक्यांचा, ऐटबाज, नद्या जिथल्या तिथे. पूर्वेला एक मोठी मोकळी जागा. मुलांना ती लगेच दिसली. वहिनी म्हणाल्या, "इथे मी गेलेले नाही. कोण गेलंय?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग तीन हात वर आले. सीमेपलीकडून घरदार सोडून आलेल्यांची मुलं ती. त्यांतली रेनाटे नावाची मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे. ती पुढे आली आणि वाळूचा ढीग करायला लागली. एक मुलगा ओरडला, "अजून उंच!" ती म्हणाली, "नाही. आमच्या अंगणातून एवढाच दिसायचा." तो म्हणाला, "आमच्याकडून उंच दिसायचा." दोघांचं चांगलंच जुंपलं. वहिनी मधे पडल्या नाहीत. कोण कुठून बघत होतं एवढंच त्यांनी विचारलं आणि दोघांची गावं पेटीत खुणेनं दाखवायला लावली. तेवढ्यात घंटा झाली. खाणींचा भाग शिकवायचा राहूनच गेला.

मुख्य परीक्षकांनी नंतर विचारलं, उत्तर जर्मनीतला सर्वांत उंच डोंगर आपण विसरलात काय? वहिनींनी जे खरं ते सांगितलं. मग त्यांना बाहेर बसवून आत बराच वेळ खल चालला. फ्रॉइलाइन हार्टविग आत काय बोलल्या ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आम्ही दोघं शाळेच्या पटांगणात उभे. दादानं फुलं आणली होती, कागदात गुंडाळलेली. "नापास झाली तर ही फुलं कुणाला द्यायची रे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "फ्राऊ नोइमानना. जिन्याचे कोपरे माफ करतील." दोघंही हसलो नाही. अखेर वहिनी आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. "काठावर," म्हणाल्या. "म्हणजे?" "आउसराइखेंड. पुरेसं." खालून पहिली पायरी ती, त्याच्याखाली नापास. मग त्यांचा आवाज चढला, "अहो, पुरेसं आहे! पुरेसं आहे!" आणि चारचौघांत बायकोच्या शेजारून चालतानाही अंतर ठेवणाऱ्या माझ्या भावानं भर पटांगणात त्यांचा हात धरला. फुलं मी सांभाळली.

मग वहिनी त्याच गावात शिकवत राहिल्या, निवृत्त होईपर्यंत. मी पुण्याला कारखान्यात नोकरीला लागलो. मधे सीमा उघडली तेव्हा त्या ब्रोकनवर गेल्या का, असं वाचणाऱ्याला वाटेल. गेल्या. वर एवढं धुकं होतं की हातभरावरचं दिसेना. "पायाला कळला डोंगर, तेवढं बास," फोनवर मला म्हणाल्या आणि माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. दादा गेल्यावर आम्ही सगळ्यांनी परत या म्हणून गळ घातली, पण त्यांचे जुने विद्यार्थी घरी येत असत, ते सोडून त्या कुठे येणार.

गेल्या रविवारी अनू पुण्याला आली. माझ्याकडे घरातलीच सात-आठ माणसं जमली होती. वहिनींच्या आठवणी निघाल्या, डोळे पुसून झाले, आणि अशा वेळी जे बोललं जातं ते माझी धाकटी बहीण बोलली. "अनू, रडू नकोस गं. आई आता चांगल्या ठिकाणी आहे." अनूनं तिच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता. तिच्या अडखळत्या मराठीत तिनं विचारलं, "आत्या, तू तिथे जाऊन आलीस?"

खोलीत सगळे चपापले. बहीण गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला आधी हसू फुटलं आणि मग ते हसू राहिलं नाही. बहिणीनं अनूचा हात हातात घेतला. "नाही गं बाळा," ती म्हणाली, "अजून नाही गेले."

"या," अनू म्हणाली, जर्मन 'या', म्हणजे हो. "मग ती जागा आपण मोकळी ठेवू या. आई बघून घेईल."