तोंड नसलेला भोपळा

आधीच सांगून ठेवते – भूतखेत, करणी, भानामती, यातलं मी काहीही मानत नाही. अमावास्येला नखं कापते, तिन्हीसांजेला केस विंचरते, आणि मांजर आडवं गेलं तर मांजरानेच सात पावलं मागे जावं अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे या भुताखेतांच्या सदरात माझं नाव बघून ओळखीचे लोक हसतील. हसोत. ते असंही म्हणतील की शैलाचं बोलणं दहानं भागून घ्यावं. घ्या, माझी हरकत नाही. फक्त जिथे भागायचं नाही तिथे मी तसं सांगेन, आणि तिथे गुमान ऐकून घ्यायचं.

साल दोन हजारच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा शारजात, रोल्लाला राहायचो. खाली कापडाचं दुकान, वर चौथ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडणारी – हात बाहेर काढला तर पलीकडच्यांच्या भाजीत मीठ टाकता येईल इतकी जवळ. (हे भागा.) नवरा विनय जबल अलीला एका गोदामाचा मॅनेजर. मुलगी ऋचा तिसरीत. आणि वाईहून माझ्या सासूबाई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेल्या.

ऑक्टोबर संपत आला होता. दुबईतल्या एका मॉलने पत्रक काढलं – ‘ऑटम फॅमिली वीकेंड’. फेस पेंटिंग, गवताच्या गंजीवर बसून फोटो, हॅलोविनचे कपडे घालून मुलांची मिरवणूक, आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी भोपळ्यांची स्पर्धा. भोपळा घरी कोरायचा आणि घेऊन यायचा. आता आमच्याकडचा ऑटम म्हणजे काय, तर एसी अठराऐवजी बावीसवर ठेवायचा. पानं गळत नाहीत, कारण गळायला झाडं लागतात. पण ऋचाने त्या वर्षी शाळा बदलली होती आणि स्कूल बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. तिने परस्पर वर्गात जाहीर करून टाकलं होतं.

“मम्मी, एव्हरीवन इज कमिंग. आय टोल्ड देम आवर्स विल बी द बिगेस्ट.”

म्हणजे खलास. भोपळा आणणं भाग होतं. मॉलमधला विलायती भोपळा चाळीस दिरहॅम, म्हणजे जवळजवळ पाचशे रुपये. पाचशे रुपयांत वाईला भोपळ्याचा मळा येतो. मी रोल्लातल्या भाजीवाल्याकडून आपला साधा लाल भोपळा उचलला. एवढा मोठा, की फ्रिजचे दोन कप्पे काढून त्याला आत बसवावं लागलं आणि दूध, दही, कोथिंबीर सगळे बेघर झाले.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो बाहेर काढला, ओट्यावर ठेवला आणि सुरी घेतली. दारातून सासूबाईंचा आवाज आला.

“फोडणार कोण?”

“मी. दुसरं कोण आहे घरात?”

“विनू येऊ दे.”

“आई, विनय पहाटे कंपनीच्या बसने गेलाय. स्टॉक मोजायचाय त्यांना. रात्री येईल. स्पर्धा पाचला आहे.”

माझ्या माहेरीही हे होतंच, त्यामुळे मला समजावून सांगायची गरज नव्हती. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. पुरुषाने एक घाव घालायचा, मग बायकांनी खुशाल चिरावा, शिजवावा, वाढावा. भोपळा म्हणजे घरचा मुलगा, बाईने फोडला तर मुलाच्या जिवावर बेततं – असं म्हणतात. कोण म्हणतं ते कधी कळलेलं नाही, पण ज्याला नुसता घाव घालून उठायचं असेल त्यानेच म्हटलं असणार.

मी वाद घालायला पदर खोचला. पण सासूबाई भांडल्याच नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला एकच आहे, शैला.” आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

 पण समोर ऋचा चेटकिणीची काळी टोपी घालून उभी होती, आणि माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच आहे. मी सुरी लावली.

गेली नाही.

दाबली. गेली नाही. वरून तळहाताने ठोकली, तर टोक वाकलं. आता लाल भोपळ्याची साल कडक असते हे मलाही माहीत आहे, त्यामुळे मी मोठा सुरा काढला. तो सालीवरून असा घसरला की ओट्यावरचा चहाचा डबा चिरला. (दोननं भागा. पोचा पडला.) आता इथून पुढे भागायचं नाही. भोपळा धरायला मी डावा हात त्याच्यावर ठेवला. दोन दिवस फ्रिजमध्ये असलेला, नुकता बाहेर काढलेला भोपळा. तो गरम होता. उन्हातल्यासारखा नाही... अंगासारखा.

आणि सुरा टेकवला की आवाज यायचा. नाकातून. आखूड. “हं.”

ऋचा दोन पावलं मागे सरकली. “मम्मी, इट सेड हं.”

“काही नाही, गॅस असतो आत.”

“पम्पकिन्स डोन्ट हॅव नोजेस. नॉट टिल वी कट देम.”

मुलीला चांगल्या शाळेत घातलं की असं होतं.

मग मी माघार घेतली – तात्पुरती – आणि समोरच्या फ्लॅटमधल्या सामंत भावजींना हाक मारली. पुरुष हवाय ना, हा घ्या पुरुष. भावजी बांधकामाची कामं घ्यायचे, मालवणचे, छाती अशी की लिफ्टमध्ये ते एकटेच मावायचे. त्यांनी सुरा घेतला, हसले, “वहिनी, बाजूला व्हा,” म्हणाले, आणि पाच मिनिटांत घामाघूम झाले. मग घरी जाऊन ड्रिल मशीन घेऊन आले. काँक्रीटमध्ये जाणारं ड्रिल. ते सालीवर नुसतं गरगरलं आणि तिथे खळगाही पडला नाही. या वेळचा “हं” जरा मोठा होता.

भावजींनी ड्रिल खाली ठेवलं. “वहिनी, हा भोपळा कुठून घेतलात?”

“घाबरलात का?”

“मी कशाला घाबरतोय. मशीनची वॉरंटी आहे.”

तेवढ्यात मला दिसलं, सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चेहरा पांढरा. भोपळ्याकडे बघत होत्या, पण भोपळ्याकडे बघावं तसं नाही.

“ताटात मीठ कमी पडलं की असे करायचे,” त्या म्हणाल्या.

तात्या. माझे सासरे. जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळेत गणित शिकवायचे, आणि घरातही शाळाच चालवायचे. शब्द फार खर्च करायचे नाहीत – चुकलं की “हं”, उशीर झाला की “हं”. त्या एका हुंकारावर सासूबाईंनी चाळीस वर्षं संसार केला.

“भोपळा आणून ठेवायचे,” त्या म्हणाल्या, “आणि मूड येईपर्यंत हात लावायचे नाहीत. मला घारगे आवडतात म्हणून मी वाट बघत बसायची. एकदा वाट बघण्यात सडला. ते गेल्यावर मी अख्खा भोपळा घरात आणला नाही. फोड आणते, पावशेराची.”

 भावजी हळूच ड्रिलची वायर गुंडाळायला लागले.

सासूबाईंनी ओट्यावरचा सुरा उचलला.  “विनूला फोन लाव,” म्हणाल्या. “आणि ते सगळ्यांना ऐकू येतं ते बटण दाब.”

फोन बाहेरच्या खोलीतून वायर ताणून दारापर्यंत आणला. विनयने गोदामातून मोबाइल उचलला.

“काय झालं? मी रॅकवर चढलोय.”

“खाली उतर,” सासूबाई म्हणाल्या. “जमिनीवर बस. बसलास?”

“आई, इथे माणसं बघतायत.”

“बघू दे. मी भोपळा फोडतेय. फोन ठेवायचा नाही आणि बोलायचं थांबायचं नाही. तू बोलत असलास म्हणजे मला कळेल.”

“बोलू काय?”

“पाढा म्हण. एकोणतीसचा.”

आता कल्पना करा. जबल अलीचं गोदाम, पत्र्याचं छप्पर, भोवती पंचवीस-तीस माणसं हातात याद्या घेऊन उभी, आणि त्यांचा मॅनेजर, वय वर्षं एकोणचाळीस, लादीवर मांडी घालून फोनमध्ये एकोणतीसचा पाढा म्हणतोय. पण म्हणाला. आईच्या आवाजात काहीतरी ऐकलं असणार त्याने.

“एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...”

सासूबाईंनी सुरा टेकवला. त्यांचे ओठ हलत होते. मी ऋचाला पोटाशी धरलं.

“...एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक...”

थांबला.

“विनू?”

काही नाही. नुसती खरखर. सासूबाईंचा हात सुटायला आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आपण हा भोपळा आणायला नको होता.

आणि भोपळा हुंकारला. “हं.” स्वच्छ. जरबेचा.

त्यासरशी फोनमधून आवाज आला, लहान मुलाचा असावा तसा घाईघाईचा – “सोळोदरसे. सोळोदरसे, तात्या.” (जुन्या पाढ्यातलं एकशे सोळा.)

हे दहानं भागायचं नाही. दोननंही नाही. भावजी साक्षीला आहेत.

सासूबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. भोपळ्याकडे वाकून अगदी हळू, नवऱ्याशी चारचौघांत बोलतात तशा बोलल्या, “अहो, पुरे झालं आता. तो बरोबर म्हणाला.”

आणि सुरा दाबला. लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

“एकोणतीस पाचा पंचेचाळासे...” विनय म्हणत होता, चुकीचा की बरोबर ते बघायला कुणी उरलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणत राहा, थांबू नको,” आणि देठाभोवती सुरा फिरवून झाकण उचललं. आत साधा केशरी भोपळा. बिया, धागे. हात लावला तर थंडगार.

तोंड-डोळे कोरायचं कामही त्यांनीच केलं. डोळे काढले, नाक काढलं आणि सुरा धुऊन ठेवला.

“आजी, यू फरगॉट द माउथ,” ऋचा म्हणाली.

“तोंड नको. फार बोलून झालंय त्याचं.”

आम्ही भावजींच्या गाडीतून दुबईला पोचलो तेव्हा स्पर्धा सुरू झालेली होती. दात विचकणारे तीनशे भोपळे (भागा) आणि मध्ये आमचा गप्प बसलेला. परीक्षक बाईंनी विचारलं, याला तोंड का नाही? चेटकिणीची टोपी सावरत ऋचाने उत्तर दिलं, “माय ग्रँडमदर सेज ही इज डन टॉकिंग.” बाई इतक्या हसल्या की आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. बरं, उत्तेजनार्थ. पण शनिवारी स्कूल बसमध्ये दोन मुली ऋचाशेजारच्या एकाच जागेसाठी भांडल्या, ते माझ्या हिशेबी पहिलंच.

विनय रात्री घरी आला, अंगावर ओरखडा नाही. पाढा का थांबवलास, विचारलं. म्हणाला, आठवेना. मग मागून तात्यांनी हुंकार दिला आणि आठवलं. हे तो जेवता जेवता म्हणाला, आणि घास हातात धरून तसाच बसून राहिला.

आता तुम्ही पत्रं पाठवाल. सामंत भावजींनी आधीच सगळं समजावून दिलंय – साल जून होती, ड्रिल उलटं फिरत होतं, आवाज एसीच्या पाइपचा. बरं. एसीच्या पाइपाला एकोणतीसचा पाढा येतो का, एवढं विचारून सांगा. आणि ज्यांना वाटतं की परंपरा खरी ठरली, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की मालवणचा सव्वाशे किलोचा पुरुष तिथे घाम पुसत उभा होता आणि भोपळा फोडला एका बाईने, वय सदुसष्ट. मुलगा आजही ठणठणीत आहे. नको इतका.

मग ते काय होतं? मला माहीत नाही. मला माहीत नाही असं मी आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीबद्दल म्हटलंय.

सासूबाई वाईला परत गेल्या. पुढच्या ऑक्टोबरात फोनवर म्हणाल्या, बाजारातून अख्खा भोपळा आणला, घारगे केले, पहिला गरम गरम मीच खाल्ला.

मी न राहवून विचारलं, “आई... काही आवाज?”

“नाही गं. पण मी आधी विचारते. अहो, काही म्हणायचंय का? जरा थांबते.”

“आणि मग?”

“मग कापते.”