सुभेदाराचं राज्य

आनंदा सुभेदार गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारगोटीच्या बाजारात भाजी घेत होतो. पुतण्या म्हणाला, "काका, सुभेदार गेलं." पिशवी तिथंच ठेवून निघालो... त्याला आता दीड महिना झाला. आनंदा शूर होता, हे गावाला पाठ आहे. पोटात गोळी घेऊन त्यानं दोन जखमी जवानांना डोंगरावरून खाली आणलं होतं. पण त्याला सरपंच व्हायला लावणारा मीच, आणि ते काही मनातून जात नाही.

आम्ही एका वर्गातले; तो फौजेत गेला, मी गावातच मास्तर झालो. त्याचं लग्न रजेच्या दहा दिवसांत उरकलं. त्याला कुणी विचारलं नाही, शालनवहिनींना तर नाहीच. चौथ्या दिवशी तार आली आणि नवरदेव सीमेवर! पुढं चोवीस वर्षं पत्रं यायची ती वडिलांच्या नावानं, शेवटी 'घरी सर्वांना नमस्कार'. त्या सर्वांत बायको आली. तिनं सासू-सासरे सांभाळले, रस्त्याकडेला गोठा बांधला, दोन म्हशी घेतल्या. त्या घरात तिचं म्हणून तेवढंच होतं. तो निवृत्त होऊन आला तेव्हा सोप्यात त्याची खाट पडली, ती आत चुलीपाशी राहिली. ताट ठेवायचं, ताट उचलायचं. भांडण नाही की बोलणं नाही. एका घरातले दोन भाडेकरूसुद्धा यापेक्षा बरे.

असा माणूस आम्ही बिनविरोध सरपंच केला. म्हटलं, गावाला शिस्त लागेल! महिन्याभरात तो वैतागला. "मास्तर, मला हुकूम कळतो. ह्यो कानात येऊन बोलायचा धंदा मला न्हाय जमत." रस्त्यावरची अतिक्रमणं काढायची ठरली, तेव्हा जेसीबी त्यानं पहिल्यांदा स्वतःच्याच दारात नेला. वहिनींचा गोठा पाडला. आदल्या दिवशी तिला सांगितलंसुद्धा नाही. म्हशी बांधायला जागा उरली नाही, आठवड्याभरात त्या विकाव्या लागल्या. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लाज वाटते आता. दुसऱ्या दिवशी जेसीबी इतरांच्या दारांकडं वळला आणि टाळ्या थांबल्या.

ग्रामसभेत नुसता गोंधळ. दुसरा कुणी असता तर चार जणांना चहा पाजून मिटवलं असतं. हा उठला आणि कडाडला, "ज्यास्नी मी नगो, त्येनी हात वर करा!" परेडच ती. हात वर झाले. बायकांच्या बाजूला, भिंतीपाशी, शालनवहिनींचाही हात होता. दुसऱ्या हातानं पदर सावरून धरलेला. आनंदा बघत राहिला... मग खाली बसून त्यानं राजीनामा लिहिला. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाला, "तिचं बराबर हाय." हे घरी जाऊन तिला सांग, असं मी किती वेळा विनवलं असेल. त्याच्यानं झालं नाही. नऊ वर्षं ते दोघं तसेच राहिले.

परवा भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि उंबऱ्यावर बसल्या.

"शेवटच्या आठवड्यात मला हाक मारली त्येनी," त्या म्हणाल्या. "इचारलं, तुझ्या म्हशींची नावं काय हुती?"

"मग?"

"न्हाय सांगितली. म्हटलं, आता कशाला?" त्यांनी माझा कप उचलून बाजूला ठेवला. "सांगाय पायजे हुती काय हो, मास्तर?"

वहिनी सोप्यातल्या रिकाम्या खाटेकडं वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चंद्री. अन् भिंगरी."