आडनाव विचारल्यावर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नळ कोरडे पडले होते. दिवसाआड टँकर यायचा. त्या उन्हाळ्यात रांगेत भांडण झालं, पोलीस आले आणि एका माणसाला घेऊन गेले. दोन दिवस बायकोला कुणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा उजव्या हाताची बोटं काळीनिळी पडली होती.

मी शिकवायचे त्याच शाळेतल्या एका बाईंच्या वर्गात त्याची मुलगी होती. या बाई बौद्ध घरातल्या, रोज औशाहून एसटीनं यायच्या. त्यांनी अर्ज लिहिला: कुणालाही ठाण्यात नेलं तर घरी कळवावं, मारू नये, या प्रकाराची चौकशी व्हावी. सह्यांसाठी त्या आमच्या ओसरीवर आल्या.

हकिकत ऐकून सासूबाई कळवळल्या. "बायकोला पत्ता न्हाई? माणसं हायत का कोण!"

शेजारच्या काकांनी पेन काढलं. "कोण म्हणायचा हा?"

"मागच्या मोहल्ल्यातला टेलर," बाई म्हणाल्या.

काकांनी टोपण परत लावलं. "मग कायतरी केलंच असंल की. धाक नको का ह्या लोकांना?"

सासूबाई उठून आत गेल्या. बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला. माझ्या अंगातलं पोलकं त्यानंच शिवलेलं, तरी हात उठेना. मी म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते."

बाईंनी कागदाची घडी केली. "आडनाव विचारलं की लातुरात मला खोली मिळत न्हाई, बाई. म्हणून रोज जाऊन-येऊन करते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी टेलरकडे गेले. मशीनवर त्याची बायको बसली होती. तो डाव्या हातानं कापड धरून तिला शिवण दाखवत होता. मला बघून धडपडत उठला. "तुमचं काम राह्यलं बाई, माफ करा." माफी त्यानं मागावी, याची मला इतकी लाज वाटली की मी बसलेसुद्धा नाही.

पुढच्या सकाळी शाळेत, कुणालाही न विचारता, मी अर्जावर सही केली. घरी कळलं, तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. अर्ज द्यायला जिल्ह्याच्या नव्या कचेरीत बाई आणि मी, आम्ही दोघीच गेलो. साहेबांनी बसा म्हटलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले.

चौकशी झाली नाही. महिन्याभरानं टँकरच्या भांडणावरूनच पोलिसांनी दुसऱ्या एकाला नेलं, तेव्हा मात्र शिपाई त्याच्या घरी निरोप द्यायला गेला. ज्याला नेलं तो आमच्या जातीचा होता. निरोप त्यामुळं गेला की अर्जामुळं, हे मला आजही सांगता येत नाही.