आतच तयार होणारं

आमच्या गल्लीतला पशुखाद्यवाला आधी जनावर कुठलं ते विचारतो, मगच पोत्याला हात घालतो. "म्हशीच्या पोटातलं जंतूच अमिनो आम्लं तयार करत्यात. कोंबडीला मातर काय काय बाहेरनंच द्यायला लागत्यात," असं तो प्रत्येकाला बजावतो. माणसांनाही त्याचं हेच माप. बायकोचा राग आतच तयार होतो, जावयाला अक्कल बाहेरनं द्यावी लागणार.

लेकीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता. हा कोरडा. मी म्हटलं, "रडा की थोडं."

"रडू काय, आतच तयार हुतंय. यील की सवडीनं."

दुसऱ्या दिवशी मी म्हशीचं खाद्य आणायला गेलो. त्यानं काही न विचारता पोतं माझ्या गाडीवर टाकलं आणि आत निघून गेला. घरी उघडलं, तर कोंबडीचं खाद्य.

बदलायला मीही सवडीनंच गेलो.