बैलतोंड्याची बाजू

डोणगावची सुईण झुंबरबाई. हाताला गुण, पण जिभेला हाड नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा वामनराव मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांना ग्रीस देशाची एक गोष्ट सांगितली. राणीला बैलाच्या तोंडाचं पोर झालं, राजाने ते भुलभुलैयात कोंडलं, ते माणसं खाऊ लागलं आणि एका शूर राजपुत्राने त्याला ठार मारलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. झुंबरबाईने विचारलं, "मास्तर, त्या लेकराचं नाव काय होतं?"

"राजाचा बैल म्हणत त्याला."

बाई तणतणतच घरी गेली.

पुढे थोड्याच दिवसांत मळेवाल्या उकंडरावाच्या बायकोला, पुष्पाबाईला, मुलगा झाला. वरचा ओठ दुभंगलेला. तिने ग्रहणात वांगी चिरली म्हणून हे झालं, असा गावाने परस्पर निकाल लावून टाकला. बारशाला बाया जमल्या, पाळणा सजला. पण कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या सत्यभामाबाई हात मागे घेऊन उभी.

"मी नाई सांगत. राक्षसावानी तोंड हाये त्याचं."

सख्ख्या आत्यानेच नाव नाकारलं, म्हणजे उद्या त्या पोराला कोण मांडीवर घेणार? पुष्पाबाईला रडूही फुटेना.

झुंबरबाईने पोर उचललं आणि चक्क मास्तरांच्या गोष्टीतल्या त्या बैलतोंड्याच्या तोंडून बोलू लागली.

"मी जलमलो तवा मले नुसती भूक लागली होती. मायनं पदर आवरला, बापानं तोंड फिरवलं. नाव ठेवाले आत्या आली नाई. दगडात कोंडलं मले. चारा टाकला नाई, मानसं टाकली, अन् बाहेर बोंब मारली, हा मानसं खाते म्हून! भिंतीपल्याड पावलं वाजली का मले वाटे, आत्या आली. एक दिस खरंच कोनी आलं. त्याच्या हाती तलवार होती."

काय बाई होती! सातासमुद्रापारचा राक्षस तिने डोणगावच्या पाळण्यापाशी आणून बसवला.

सत्यभामाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिने पोर जवळजवळ ओढूनच घेतलं, त्याचा ओठ आपल्या गालाला लावला आणि कानात नाव सांगितलं, भगवान. रिवाजाप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. झुंबरबाईचे दोन बसले, आणि दुसरा असा, की ती कळवळलीच.

"दुसरा काऊन मारला वो बाई?"

"तो तुह्या वाट्याचा नाई. त्या बैलतोंड्याच्या आत्याचा राह्यला होता."