पाय बघून किल्ली

बसस्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात किल्लीवाली मावशी काम करायची, आणि तिच्या नाकावर माशी बसत नसे. फरशीवर पाण्याचा थेंब दिसला की हातातला पोछा आणि तोंडाचा पट्टा, दोन्ही सुरू. चांगल्या शिकल्यासवरल्या बायकासुद्धा तिच्यापुढे गुमान चपला पुसून आत जायच्या.

तिचा सगळा जीव शेवटच्या रुंद खोलीत. दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, आत धरायला दांडा, वेगळं बेसिन, सामान ठेवायला फळी. पूर्वी ती खोली उघडी असायची. पण लोक म्हणजे लोकच. कोणी आत साडी बदलत बसे, कोणी फोनवर सासूची उणीदुणी काढत बसे, आणि बाहेर कुबड्यांवरची म्हातारी ताटकळे. मावशीचं डोकं फिरलं. तिनं दाराला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि नियम केला: पाय बघून किल्ली. काठी, प्लास्टर, चाकाची खुर्ची असेल तर लगेच. लहान पोरं घेऊन आलेल्या आईला, मागे कोणी खोळंबलं नसेल तर. दोन पायांवर ताठ चालत आलेलीनं साधी रांग धरायची. बदलीवर येणाऱ्या बाईकडूनही तिनं हे घोकून घेतलं होतं.

हे झालं कामाचं. जिवाचं दुखणं वेगळंच होतं. समोरच्या फलाटावर दुपारी लेकीच्या गावची गाडी लागायची. एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटावर मळ साठायची कायमची पिशवी आली. मावशीनं महिनाभर तिच्याकडे राहून सगळं केलं. पण त्यानंतर लेक काही माहेरी आली नाही. फोन केला की, बघू गं आई, एवढंच. मावशीला कधी वाटायचं जावई सोडत नसेल, कधी वाटायचं लेकीलाच आता आईच्या दोन खोल्या नकोशा झाल्या. तोंडानं म्हणायची, सुखात आहे ना, मग झालं. पण गाडी लागली की पोछा पिळायच्या निमित्तानं दारात यायची आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत तोच पोछा पिळत राहायची.

एके दिवशी एक तरुण मुलगी टकटक चालत आली आणि तिनं किल्ली मागितली. मावशीनं पाय बघितले, रांगेकडे बोट दाखवलं, वर धडधाकट माणसानं असं मागू नये हेही सुनावलं. रांगेतल्या दोघी हसल्या. मुलगी भांडली नाही. जवळ आली, रांगेकडे पाठ केली आणि कुडत्याचं टोक जरासं वर उचललं. पोटावर पिशवी होती, भरत आलेली.

तशी पिशवी मावशीनं स्वतःच्या हातांनी किती वेळा रिकामी केली होती. त्याच हातांनी तिनं कमरेची किल्ली काढून दिली. मुलगी बाहेर आली आणि हात पुसत हळूच म्हणाली, "दर ठिकाणी पोट उघडं करून दाखवावं लागतं, मावशी. म्हणून मी सहसा घराबाहेर पडतच नाही."

मावशीनं तिथल्या तिथे लेकीला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"आई, मी आले होते," लेक म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात. तुला न कळवता. तू डोळे दाखवायला गेली होतीस. त्या बदलीवरच्या बाईनं माझे पाय बघितले."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. साध्या रांगेत नंबर लागेना, पिशवी गळली. स्टँडमागच्या नळावर जमेल तसं धुतलं, शाल गुंडाळली आणि परतीच्या गाडीत बसली.

"अगं, मी मावशीची लेक आहे म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं, तर आईनं लेकीसाठी नियम मोडला म्हणाले असते सगळे. तुला केवढा अभिमान होता त्याचा."

मावशीला रांगेसमोरच रडू फुटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं जळत होतं, आणि हिलाच कळलं नव्हतं.

कुलूप त्याच दिवशी निघालं. आता कोणी आत गप्पा मारत बसलं तर मावशी दारावर टकटक करते, मागे कोणाला गरज असेल बाई, एवढंच म्हणते. कोण कशासाठी आत गेलं ते विचारत नाही. कुलूप काढल्याचं तिनं लेकीला कळवलं, तेव्हा लेक नेहमीसारखं बघू म्हणाली. पण फोन ठेवला नाही. तिनं विचारलं, "आत सामान ठेवायची ती फळी आहे ना अजून?"

"आहे," मावशी म्हणाली. "रोज पुसते मी."

दुपारची गाडी रोज लागते. मावशी पोछा घेऊन दारात येते. एखादी ताठ चालत रुंद खोलीकडे निघाली, की मावशी आता पायांकडे बघत नाही. तोंडाकडे बघते, आणि मग पोछा पिळायला लागते.